गोधडीआडचा आवाज

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. सांगायची वेळ आली की मी विषय बदलायचो. मुलगा विचारायचा, "बाबा, आपल्याकडे राहायची ती घानाची न्यूजरीडर अशी अचानक का गेली?" मी म्हणायचो, "तिचा पास संपला." ते खरंच होतं. पास संपला होता. तो का संपला, एवढंच मी सांगत नसे. खरं काय ते आणखी दोघींना माहीत होतं, माझ्या बायकोला आणि तिला. आता दोघीही नाहीत. मी असाच गप्प गेलो, तर तिच्याबद्दल जे खोटं बोललं गेलं तेच मागे उरेल. म्हणून लिहायला बसलो आहे. नाव मात्र मी कुणाचंच घालणार नाही, तिचंही नाही. ते नीट उच्चारायला मला कित्येक महिने लागले होते, आणि चुकीचं लिहिलेलं तिला खपलं नसतं.

तेव्हा आम्ही सिंगापुरात चोआ चू कांगला राहत होतो. उमेदीची वर्षं जहाजांवर इंजिनियर म्हणून काढली आणि पुढे इथल्याच एका जहाज कंपनीच्या ऑफिसात सुपरिंटेंडंट झालो. सुपरिंटेंडंट म्हणजे समुद्रावरच्या जहाजांची कामं किनाऱ्यावर बसून, फोनवरून हाकणारा माणूस. तिथूनच निवृत्त झालो. मुलगा लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुंगोलला गेला आणि फ्लॅटमधली एक खोली रिकामी झाली. बायको म्हणाली, "भाड्याने देऊ या. तेवढंच घरात कुणीतरी बोलायला येईल. तुमच्याशी मी आणखी किती बोलणार?"

एजंटने सांगितलं की एक बाई आहे, रेडिओवर काम करते. फोनवर मीच तिच्याशी बोललो. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. खालचा, सावकाश, प्रत्येक शब्दाला बसायला जागा देणारा. मी लगेच या म्हणालो. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर समोर उंच, काळीभोर, डोक्याला पिवळं फडकं बांधलेली तिशीतली बाई. मी काहीच बोललो नाही. फार वेळ नाही, पण तिला कळावं एवढा वेळ.

"अंकल," ती म्हणाली, "खोली आत्ताच गेली असेल तर दारातच सांगा. म्हणजे परतीची बस मिळेल."

असं तिला आधी चार-पाच ठिकाणी सांगितलं गेलं होतं, हे नंतर कळलं. फोनवर आवाज ऐकून बोलवायचे आणि दार उघडलं की खोली नुकतीच गेलेली असायची. मी काय उत्तर दिलं असतं ते मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. तेवढ्यात मागून बायको आली. "अहो, दारात काय उभं केलंत तिला? घामाने निथळतेय ती. आत घ्या."

अशी ती आत आली.

बायको वेंगुर्ल्याची. पहिल्याच रविवारी त्या मुलीने पेटी उघडून आईने दिलेली एक बरणी काढली. मिरची आणि सुकी कोळंबी तेलात शिजवून केलेलं काळपट तिखट होतं ते. संकोचून म्हणाली, "याचा वास येतो. चालेल का?" बायकोने बोटाने चाटून पाहिलं आणि मला हाक मारली. "अहो, इकडे या. हा तर आपला सोड्याचा ठेचा! एवढ्या लांब जाऊन कुणी शिकवला ह्यांना?" त्या दिवसापासून घरात सुक्या मासळीच्या दोन बरण्या झाल्या आणि शेजारच्या चिनी आजी लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावू लागल्या. बायकोने तिला 'अंकल' सोडून 'काका' म्हणायला शिकवलं. स्वतःला मात्र तिने 'मावशी' म्हणवून घेतलं. "काकू म्हटलं की मी यांच्या बाजूची होते," असं तिचं कारण.

आमच्या मंडळातल्या एकीने एकदा हळदीकुंकवाला विचारलं, "अगो, भीती नाही वाटत घरात?" बायको म्हणाली, "वाटते ना. मी काही चुकीचं बोलले की ती लगेच विचारते, मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं? खात्री केलीत का?"

ती घानाच्या एका बंदराच्या गावची. वडील धक्क्यावर क्रेन चालवायचे. तिच्या कामाची सुरुवात बातम्यांनी झाली नव्हती. गावातल्या लहानशा रेडिओ स्टेशनवर ती अंत्यविधीच्या सूचना वाचायची. त्यांच्याकडे कुणी गेलं की रेडिओवरून सांगतात: कोण गेलं, कुणाची मुलगी, कुणाची आई, पुरणार कुठे आणि कधी. अर्धं गाव ऐकत असतं. "काका, एक नाव चुकीचं उच्चारलं तर घरचे स्टेशनवर भांडायला येतात," ती सांगायची. "आणि त्यांचं बरोबरच असतं. त्या माणसाचं नाव शेवटचं मोठ्याने घेतलं जातं, ते तरी चुकू नये." म्हणून ती प्रत्येक नाव घरच्यांकडून आधी म्हणून घ्यायची. तिथून ती राजधानीत गेली, सकाळच्या बातम्या वाचू लागली. मग एका शिष्यवृत्तीवर सिंगापूरला आली आणि इथल्या एका छोट्या इंग्रजी वृत्तवाहिनीत रुजू झाली. बंदरं, जहाजं, त्यांवर काम करणारी माणसं हा तिचा विषय. आठवड्याला एक कार्यक्रम असे. तिचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, त्या नोकरीवर होता. नोकरी गेली की पासही जायचा.

कार्यक्रमाचा बराचसा भाग ती घरूनच रेकॉर्ड करायची, तोही खोलीतल्या कपाटात बसून. लटकलेल्या कपड्यांत आवाज घुमत नाही म्हणे. कपाटाच्या उघड्या तोंडावर टांगायला काहीतरी जाड हवं होतं, तर बायकोने स्वतः शिवलेली, जुन्या नऊवारी लुगड्यांची गोधडी काढून दिली. ती आत बसली की घरात संचारबंदी. पंखे बंद. बायको कुकरची शिट्टी काढून ठेवायची आणि मला खुणेने सांगायची की खुर्ची ओढू नका. पुण्याला बहिणीशी फोनवर बोलताना मात्र ती ऐटीत म्हणायची, "आमच्याकडे कपाटातून बातम्या येतात."

तिची एक पद्धत मला फार आवडायची. कुणाचीही मुलाखत झाली की ती म्हणायची, "आता एक मिनिट सगळे गप्प. खोली रेकॉर्ड करायची आहे." प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. नंतर कापाकापी करताना दोन वाक्यांच्या मध्ये तीच शांतता भरावी लागते, नाहीतर ऐकणाऱ्याला जोड कळतो. मी इंजिनरूममधला माणूस. मशीन बंद पडल्यावरच आम्हाला शांतता ऐकू येते आणि तेव्हा आम्ही पाना घेऊन धावतो. ही बाई शांतता साठवून ठेवत होती.

एका संध्याकाळी पेपरात बातमी दिसली. बंदराबाहेर नांगरून उभ्या असलेल्या एका जहाजाच्या टाकीत दोन माणसं मेली होती. बंद टाकीतल्या हवेत प्राणवायू राहिलेला नसतो. लोखंड गंजताना तो खाऊन टाकतं. आत उतरलेला माणूस शिडीवरच कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. बातमीत म्हटलं होतं की ते दोघं नियम न पाळता आत गेले. मी पेपर बाजूला टाकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दरवेळी मेलेल्याचीच चूक असते."

ती जेवत होती. तिचा हात थांबला. "काका, हे तुम्हाला कसं माहीत?"

मी सांगितलं. आधी तिला, मग दुसऱ्या दिवशी तिच्या माइकला. माइक जेवणाच्या टेबलावर ठेवला होता आणि आम्ही दोघं डोक्यावरून तीच गोधडी ओढून बसलो होतो. बायको समोर भाजी निवडत होती. "वाफारा घ्यायला बसल्यासारखे दिसताय," ती म्हणाली, आणि तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड करावा लागला.

काय सांगितलं ते थोडक्यात लिहितो. मी ऑफिसात असताना आमच्या एका जहाजावर एक फिटर असाच गेला. टाकी उघडली की आत ताजी हवा सोडून थांबावं लागतं, मग यंत्राने हवा तपासावी लागते, तेव्हा कुठे माणूस उतरतो. यात अर्धा दिवस जातो. त्या दिवशी मी सिंगापूरहून सारखा फोन करत होतो. हवा तपासू नका, असं मी एकदाही म्हणालो नाही. मी फक्त विचारत होतो, "आत गेले का? अजून नाही गेले?" जहाजावरच्यांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. मलाही तो कळत होता, कारण मी स्वतः जहाजावर असताना असेच फोन घेतले होते. फिटर मेल्यावर अहवालात वाक्य आलं की तो परवानगीशिवाय आत गेला. ते वाक्य मी लिहिलं होतं. कुणी दबाव आणला नव्हता. आमच्याकडे ते वाक्य जवळजवळ तयारच असतं.

हे सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली, "आता एक मिनिट, खोली." आम्ही तिघं गप्प बसलो. बायकोच्या हातात गवारीची शेंग तशीच राहिली होती. मला त्या मिनिटात कितीतरी वर्षांनी हलकं वाटलं.

तिने मला शब्द दिला होता: नाव येणार नाही, आवाजही येणार नाही, माझे शब्द दुसऱ्या माणसाकडून वाचून घेईन. तसं तिने केलंही. पण प्रसारणाच्या आदल्या दिवशी मला धास्ती वाटू लागली. मी म्हणालो, "माझा मूळ आवाज तुझ्याकडे आहे ना? तो कुणाच्या हाती लागला तर?"

"माझ्याशिवाय कुणाकडे नाही."

"तरी पण."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे वळवला. "असं करू नये म्हणतात. काही झालं तर माझ्याजवळ एवढाच पुरावा आहे. पण तुम्हाला झोप लागत नसेल तर पुसून टाकू. तुम्हीच दाबा, काका. म्हणजे तुम्हाला खात्री राहील."

मी दाबलं. ते बोट माझं होतं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

कार्यक्रम झाला. दोन दिवसांनी माझ्या बॅचमेटचा फोन आला. बॅचमेट म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. ट्रेनिंगच्या काळात एका खोलीत चार वर्षं काढलेली माणसं आम्ही. सख्ख्या भावाला नाही म्हणता येतं, बॅचमेटला नाही. हा त्याच कंपनीचा डायरेक्टर झाला होता. मला निवृत्तीनंतरची तपासणीची कामं तोच द्यायचा, आणि महिन्यातून एकदा सेरंगूनला आम्ही बॅचचे पाच-सहा म्हातारे तेह तारिक, म्हणजे इथला फेसाळ दुधाचा चहा, प्यायला जमायचो.

"काय रे म्हाताऱ्या," तो हसत म्हणाला, "तुझी ती काळी पोपटीण काय काय बरळतेय रेडिओवर? ऐकलंस का?"

"नाही बुवा," मी म्हणालो. पहिलं खोटं.

"अरे, अहवालातलं वाक्य शब्दाला शब्द सांगितलंय. लोक मला विचारतायत तुमच्यातलं कोण फुटलं. मी म्हटलं, आमच्या बॅचचा नसणार. आमच्या बॅचचा माणूस मरेल, पण..." तो थांबला. "तू नाहीस ना रे?"

"मी कशाला?"

"तेच म्हटलं मी. चल, शुक्रवारी ये. या वेळी बिल तुझं."

इतकं सोपं होतं ते. त्याने धमकी दिली नाही, काम काढून घेईन म्हणाला नाही. हसत हसत विचारलं आणि हसत हसत मी नाही म्हणालो. शुक्रवारी गेलो, चहा प्यायलो, त्याने सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली.

मग कंपनीच्या वकिलांनी वाहिनीला पत्र धाडलं की असा कुणी अधिकारी नाही आणि हे सगळं रचलेलं आहे. एका दुपारी तिच्या संपादकाचा मला फोन आला. माणूस सभ्य होता. म्हणाला, "ती इथे माझ्यासमोर बसलीय. तुमचं नाव तिने फक्त मला सांगितलंय आणि ते या खोलीबाहेर जाणार नाही. मला फक्त हो किंवा नाही ऐकायचंय. ते तुम्ही बोललात का?"

एवढं सुरक्षित 'हो' म्हणायची संधी कुणाला मिळते? पण मी बॅचमेटला आधीच नाही म्हटलं होतं आणि मला वाटलं, आता हो म्हणणं म्हणजे त्याच्यासमोर खोटारडा ठरणं. मी म्हणालो, "ती आमच्याकडे भाड्याने राहते. जेवताना गप्पा होतात. पण असं काही मी तिला सांगितलेलं नाही."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. ती शांतताही कुठल्यातरी खोलीची होती. मग एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि संपादक म्हणाले, "थँक यू, सर."

फोन ठेवला तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. "अहो, तुम्ही बोललात की. मी इथेच होते. गवार निवडत होते."

"तू मध्ये पडू नकोस. तुला यातलं कळत नाही."

"यात कळण्यासारखं काय आहे?" ती म्हणाली. त्यानंतर तिने हा विषय माझ्याशी कधी काढला नाही, आणि त्याचाच त्रास जास्त झाला.

ती मुलगी संध्याकाळी घरी आली. मी भांडणाची तयारी करून बसलो होतो. तिने चपला काढल्या, पाणी प्यायली आणि माझ्यासमोर बसली. "काका, तुम्ही घाबरलात. माझे वडीलही बंदरात नोकरीला होते, मला समजतं. वाहिनीने मला सोमवारपर्यंत वेळ दिलाय. तुम्ही परत फोन कराल?"

मी म्हणालो, "बघू."

आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ काय होतो ते तिला बायकोने एव्हाना शिकवलं होतं. तिने मान हलवली आणि उठली.

सोमवार गेला. वाहिनीने जाहीर माफी मागितली. ती माफी आमच्या कंपनीची होती, त्या फिटरच्या घरच्यांची नव्हे. दुसऱ्याच एका निवेदकाने ती वाचली: कार्यक्रमातला अधिकारी 'अस्तित्वात असल्याची खात्री करता आलेली नाही.' मी जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत होतो, आणि माझ्याबद्दलच सांगत होते की मी नाही. तिची नोकरी गेली, पास रद्द झाला. इथून जायला जेमतेम महिना मिळाला.

ती निघाली त्या दिवशी बायकोने गोधडी धुऊन, घडी घालून तिच्या पेटीत ठेवली. चांगी विमानतळावर तिला सोडायला बायको एकटीच गेली. माझा गुडघा दुखत होता असं मी म्हणालो. निघताना दारात ती वाकली आणि बायकोने शिकवल्याप्रमाणे आम्हा दोघांच्या पाया पडली. मी "सुखी रहा" म्हणालो. 

पुढचं मला बायकोकडून आणि रेडिओकडून कळत गेलं. तिच्या देशात बातमी तिच्या आधी पोचली होती. राजधानीतल्या स्टेशनने जागा नाही म्हणून सांगितलं. ती आपल्या बंदराच्या गावी गेली आणि पुन्हा त्याच लहान स्टेशनवर अंत्यविधीच्या सूचना वाचू लागली. परदेशात नाव कमावलेली बाई सुरुवातीच्या खुर्चीवर परत येऊन बसली. बायको मोबाइलवर ते स्टेशन लावायची. तिथली सकाळ म्हणजे आमची दुपार. मी शेजारच्या खोलीत झोपल्याचं सोंग घेऊन ऐकायचो. भाषा कळत नसे, पण नावं कळायची. एकेक नाव ती असं उच्चारायची की जणू त्या माणसाला उठवून बसवते आहे.

हळूहळू तिला सकाळचा एक कार्यक्रम मिळाला, मच्छीमारांसाठी. वारा कसा आहे, बाजारात भाव काय आहे, कुणाची होडी परतली नाही. मग परदेशी जहाजांवर गेलेल्या तिथल्या मुलांच्या आया तिच्याकडे येऊ लागल्या: मुलाचा फोन येत नाही, जरा चौकशी करा. ती कंपन्यांना फोन लावायची आणि उत्तर मिळेपर्यंत रोज हवेवर विचारायची. असं करत करत त्या किनाऱ्यावर तिच्या आवाजाला मान आला. पुढे राजधानीनेही परत बोलावलं, तर ती गेली नाही. स्टेशनच्या माडीवर तिने मुलींना शिकवायला सुरुवात केली. तिने बायकोला एक फोटो पाठवला होता. चार-पाच मुली, मध्ये ती, आणि मागे भिंतीवर खिळ्यांना टांगलेली आमची गोधडी.

हे सगळं वाचून वाटेल की मग झालं की तिचं भलं. मलाही तसं वाटून घ्यायला आवडायचं. पण इथल्या माफीनाम्यातलं ते वाक्य तिच्या नावाला चिकटून राहिलं. कुठे पुरस्काराची गोष्ट निघाली, कुठे मोठ्या संस्थेत अर्ज केला की कुणीतरी ते शोधून काढायचंच. बायकोला ती लिहायची, "मावशी, पुन्हा तेच विचारलं." बायको ते मला वाचून दाखवायची आणि चष्मा काढून ठेवायची. 

बायको गेली त्याच्या पुढच्या वर्षी ती सिंगापूरला आली, कसल्याशा परिषदेसाठी. फोन करून चोआ चू कांगच्या फ्लॅटवर आली. केस थोडे पिकले होते, आवाज तोच. मावशीच्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन माझ्यासाठी पिठलं केलं. ते तिला माझ्यापेक्षा बरं येत होतं. जेवून झाल्यावर तिने पर्समधून छोटा रेकॉर्डर काढला.

"काका, हे घर तुम्ही विकणार असं तुमच्या मुलाने सांगितलं. मला या खोलीची शांतता हवीय. माझ्याकडची तुमच्या आवाजाबरोबर पुसली गेली."

ती हे टोचून म्हणाली नाही. खरंच जे झालं ते सांगत होती. तिने रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि आम्ही समोरासमोर बसलो. फ्रिज घुरघुरत होता. खाली खेळाच्या मैदानात कुणीतरी मूल ओरडत होतं. आणि मला सगळं सुचलं. इतक्या वर्षांत एकदाही जुळलं नव्हतं ते वाक्य अगदी नीट, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत जिभेवर आलं. पण मिनिट चालू होतं. त्यात बोलायचं नसतं. मी म्हटलं, हे संपलं की.

तिने बटण दाबलं. "तुमचा फ्रिज म्हातारा झालाय, काका," ती हसून म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, खाली टॅक्सी आली होती. दाराशी चपला घालताना ती थांबली, माझ्याकडे वळली. "तुम्हाला काही म्हणायचंय का?"

तिने विचारलं होतं. हेही लिहून ठेवतो. तिने मला विचारलं होतं.

मी म्हणालो, "जपून जा. पोचलीस की कळव."

ती पोचल्याचं तिने कळवलं.

आता मी पुंगोलला मुलाकडे असतो. दुपारी जेवण झालं की कानात ते स्टेशन लावतो. नात म्हणते, "आजोबा, you don't even understand what they say lah." मी म्हणतो, "नावं कळतात मला." गेल्या वर्षी मध्येच तिचा आवाज बंद झाला. सुट्टीवर असेल असं वाटलं. मग एका दुपारी अंत्यविधीच्या सूचना लागल्या. वाचणारी मुलगी तरुण होती, पण थांबायची पद्धत ओळखीची. तिसरं की चौथं नाव तिचं होतं. त्या मुलीने ते अगदी नीट उच्चारलं, कुठेही न चुकता. तिला आजार होता, ते तिने आम्हाला कधी लिहिलं नव्हतं, हे मुलाने नंतर शोधून सांगितलं.

माझा बॅचमेटही आता नाही. कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली. मला कुणाची भीती राहिलेली नाही. मी काही शूर झालेलो नाही, घाबरायला कारणच उरलेलं नाही. तरी ज्यांना पोचवता येईल त्यांना हे पोचवीन: त्या संपादकांना, ते असतील तिथे, आणि स्टेशनच्या माडीवरच्या मुलींना. मुलाने आज सकाळी हे वाचलं आणि इंग्रजीत करून देतो म्हणाला.  त्या फिटरच्या घरचा पत्ताही तो शोधतो आहे. त्यांना मी वेगळं लिहीन.

पण तिला सांगायचं होतं ते त्यात येणार नाही. ते मी त्या टेबलाशी, फ्रिजच्या घुरघुरीत जुळवलं होतं, आणि अजून तसंच्या तसं पाठ आहे.

पोरी, ते मीच बोललो होतो. तू एकही शब्द रचला नव्हतास. तुझ्याकडचा पुरावा मी माझ्या बोटाने पुसला, आणि तुझ्या साहेबांनी विचारलं तेव्हा तू समोर बसलेली असताना मी नाही म्हणालो. एका मित्रासमोर लाज वाटेल म्हणून मी तुझं नाव घालवलं. तुझं चुकलं असेल तर एवढंच की तू माझ्यावर विश्वास ठेवलास. मला माफ कर.